फाळका

"ऐक. ऐकू येतंय ना? का कानपण गेले?" एस्टिल नेपिअर म्हणाला.

पिकअपच्या पोटातून ठकठक येत होती. गॅरेजवाल्या वेल्मा कॉम्ब्सने कान लावला. गिअर टाकला की आवाज बदलायचा, काढला की पुन्हा पहिल्यासारखा. इंजिनाचं दुखणं असे नखरे करत नाही.

"फ्लेक्सप्लेट तडकलीय," ती म्हणाली.

"वा, वेल्माबाई! तीच ना, पाच महिन्यांपूर्वी तू नवीकोरी बसवलेली?"

त्याने पिकअपच्या मागच्या फाळक्यावर थाप मारली. फाळक्याचे मूळचे खटके कधीच मोडले होते. दोन्ही बाजूंना अंगठ्याएवढी एकेक पोलादी खुंटी ठोकून त्याने तो बंद केला होता. "हे बघ. हे माझ्या हातचं काम. तीन वर्षं झाली, हूं नाही की चूं नाही."

त्याची बायको ओपल गिऱ्हाइकांच्या खुर्चीत बसून खारे दाणे खात होती. तिने मान वर केली नाही.

शाळेच्या अकरा बसगाड्यांच्या गिअरबॉक्सचं काम कुणाला द्यायचं, ते सोमवारी ठरणार होतं. बारा वर्षं ते वेल्माकडे होतं. केंटकीच्या त्या खोऱ्यात तिचं गॅरेज तगून होतं ते त्याच कामावर. आणि एस्टिल ते ठरवणाऱ्या समितीत होता. गेल्या रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर त्याने सगळ्यांना ऐकवलं होतं, की बाईच्या हाताला गिअरबॉक्स पेलत नाही. आज त्याने गाडी दुरुस्तीला आणली नव्हती, पुरावा म्हणून आणली होती.

"मी इथंच उभा राहणार. एकेक बोल्ट बघणार."

"राहा. माझ्या उजेडात तेवढा येऊ नकोस."

गाडी लिफ्टवर चढली. वेल्माने गिअरबॉक्स जॅकवर घेऊन खाली उतरवला. भोपळ्यासारखा गोल, तेलाने जड झालेला टॉर्क कन्व्हर्टर पोटाशी धरून बाकावर ठेवला. मग इंजिनाच्या पाठीला आवळलेली, त्याला गिअरबॉक्सशी जोडणारी थाळी, म्हणजे ती फ्लेक्सप्लेट, सोडवून दिव्यासमोर धरली. पातळ पोलाद, काठाला दाते. मधल्या बोल्टांभोवती तडा गोल फिरला होता, डब्याचं झाकण कापावं तसा.

तडा असा गेला, म्हणजे थाळी प्रत्येक फेऱ्याला वाकत होती. म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स एका रेषेत नव्हते. तिने इंजिनाच्या पाठीवर बोट फिरवलं. गिअरबॉक्स नेमका जागेवर यावा म्हणून तिथे दोन खुंट्या असतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. तिचं बोट डाव्या भोकात गेलं. मग उजव्या. दोन्ही रिकामी.

पाच महिन्यांपूर्वीही ती रिकामीच असणार. तिने बघितलं नव्हतं. शुक्रवार होता, गडबड होती, आणि खुंट्यांचं काय बघायचं, त्या असतातच.

थाळीच सदोष आली, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. कुणाला काय कळणार होतं?

"हे इंजिन कुणी बसवलं?" तिने विचारलं.

"मी. तीन वर्षांपूर्वी, आमच्या कोठारात, स्वतःच्या हाताने. का?"

"इथल्या दोन खुंट्या नाहीत."

"म्हणजे तू हरवल्यास!"

"नाही. पण मागच्या वेळी मी बघायला हवं होतं. नाही बघितलं. तेवढी चूक माझी."

एस्टिलचा चेहरा उजळला. "ओपल! ऐकलंस ना? तू साक्षीदार. सोमवारी हेच सांगणार मी, शब्दन् शब्द."

नवी थाळी आणायला वेल्मा गाडीच्या मागून निघाली. लिफ्टवर चढलेल्या गाडीचा फाळका बरोबर तिच्या डोळ्यांसमोर आला. ती थांबली. मग खिशातून पक्कड काढली.

"ए! त्याला हात लावायचं काम नाही!"

फाळक्याची खुंटी गच्च होती. दोन हिसक्यांत निघाली. वेल्माने पॉलिश पेपरने तिचा गंज घासला, बोटाने तेल लावलं, इंजिनाच्या पाठीला टेकवली आणि हातोडीने दोनदा हलकेच ठोकलं. खुंटी आत गेली आणि जन्मापासून तिथेच असल्यासारखी बसली.

दाणे चावण्याचा आवाज थांबला.

"मी तेव्हाच म्हटलं होतं," ओपल म्हणाली. "दोन उरल्यात म्हणून."

"तू गप्प बस!"

"तर म्हणतो कसा," ओपलने वेल्माकडे बघून सांगितलं, "कारखानेवाले दोन जास्तीच्या देतात."

वेल्माने दुसरी खुंटी ओढली. फाळका धाडकन उघडा पडला.

पुढचं काम एस्टिलने बघितलं नाही. तो दारात पाठमोरा उभा होता. वेल्माने नवी थाळी आवळली. कन्व्हर्टर दाबत, फिरवत तिसऱ्यांदा खट होईपर्यंत आत बसवला. या वेळी गिअरबॉक्स हाताच्या रेट्यानेच इंजिनाला जाऊन भिडला, बोल्टांनी ओढायची वेळच आली नाही.

किल्ली फिरवली. ठकठक नव्हती.

"तुझं चुकलं, ते मी सोमवारी सांगणारच," एस्टिल गाडीत चढत म्हणाला. "सोडणार नाही."

"सांग की. मीही येणार आहे."

तिने फाळक्यासाठी दोरी पुढे केली. त्याने ती घेतली नाही. ओपलने दाण्यांचा पुडा मिटला आणि त्याच्या शेजारी जाऊन बसली.

शाळा सुटायची वेळ होती. अकरा बसगाड्या फाटकापाशी रांगेत उभ्या होत्या, पोरं चढत होती. पिकअप त्यांच्यासमोरून गेली. इंजिन इतकं मुकाट चालत होतं, की उघड्या फाळक्याचा खडखडाट शाळेपाशी ऐकू आला, पुलावर ऐकू आला, आणि पार चर्चच्या पायऱ्यांपर्यंत ऐकू येत राहिला.