तिसरी चोरी

आमदार असताना वेंडेल प्रूइटनं हट्टानं कायदा करून घेतला होता: तिसऱ्या चोरीला पंचवीस वर्षं, न्यायाधीशाला सूट द्यायची मुभा नाही. पुढं तो कायदा त्यालाच सलू लागला, पण विधानसभा बदलू देईना. मग 'माणूस बघून न्याय करीन' अशा पाट्या लोकांच्या अंगणात रोवून त्यानं न्यायाधीशपदाची निवडणूक जिंकली.

पहिल्याच आठवड्यात समोर डॅरिल आला. गवत कापायचं जुनं यंत्र, तिसरी चोरी.

"काहीच वाट नाही?" प्रूइटनं वकिलाला विचारलं.

"तुम्हीच बुजवलीत, साहेब."

शिक्षा ऐकून डॅरिलची म्हातारी आई उठली.

"तुम्हाला काय बोलू? चोरांना धाक बसावा म्हणून मीच तुम्हाला आमदार केलं, आणि माझ्या लेकाची गय व्हावी म्हणून मीच जज्ज केलं."