दहाच्या खाली

नकाशावरची निळी रेघ घराच्या अलीकडे चाळीस पावलांवर थांबली होती, आणि मुलगी त्यावर इतकी खूश होती की बाबांना खुर्ची द्यायचंसुद्धा तिच्याकडून राहून गेलं.

"हे बघा आपलं घर," पेन्सिलीचं टोक एका इवल्याशा चौकोनावर टेकवत ती म्हणाली. "हे आईचं लिंबाचं झाड. आणि तलाव फक्त इथपर्यंत. वाचलो आपण."

बाबांनी चष्मा पुसला, घातला, काढून परत पुसला. एकतीस वर्षं त्यांनी याच खात्यात एकच काम केलं होतं. रोज सकाळी आठला पुलाशी जायचं, खांबावरच्या आकड्यांच्या पट्टीवर नदीचं पाणी कुठवर आलंय ते बघायचं आणि वहीत लिहायचं. दांडी नाही म्हणजे नाही. अंगात ताप असला तरी आधी पट्टी, मग गोळी. आता मुलगी त्याच खात्यात इंजिनियर होती आणि तिचा अख्खा आराखडा बाबांच्या त्या वह्यांवर उभा होता. हल्ली ते तिला साहेब म्हणायचे. अर्धं चिडवायला, अर्धं मिरवायला.

साहेबांनी आराखडा समजावून सांगितला. पुराचं जादा पाणी नदीशेजारच्या तलावात भरून ठेवायचं आणि उन्हाळ्यात थोडं थोडं नदीत सोडायचं. म्हणजे मासे अंडी घालायला पुलाच्या वर, गोट्यांच्या पात्रापर्यंत पोचतील. सध्या ते पुलाशीच मरून पडत होते. का, ते मात्र खात्यात कुणाला उलगडत नव्हतं, कारण वह्या तर सांगत होत्या की तिथे पाणी होतं.

"गुणी आहे हो आपली नदी," ती म्हणाली. "एकतीस वर्षांत दहा सेंटिमीटरच्या खाली एकदाही गेली नाही. म्हणून तर छोट्या तलावात भागतंय. नोंदी खऱ्या आहेत एवढी तुमची सही झाली, की संपलं."

तिने कागद पुढे सरकवला. बाबांनी पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं.

छोट्या तलावातून किती पाणी सोडणार, त्यांनी विचारलं. तिने घडाघडा सांगितलं. माशांना पंचवीस सेंटिमीटर लागतं; दहा नदीचे स्वतःचे, वरचे पंधरा तलावाचे.

"आणि नदीचे दहा नसतीलच तर?"

ती हसली. ते हसले नाहीत.

मग खुर्ची त्यांनी स्वतःच ओढून घेतली आणि सांगायला लागले. नोकरीच्या पहिल्याच उन्हाळ्यात नदी पार आटली होती. त्यांनी वहीत शून्य लिहिलं. आठवड्याभरात वरून पत्र: पट्टी मोडली आहे काय, खुलासा करावा. त्यांनी खुलासा केला. पुन्हा शून्य, पुन्हा पत्र; आणि ती शून्यं वरच्यांनी चूक म्हणून रद्द केली. तिसऱ्या पत्रात तर, तुम्ही पुलाशी जाता की घरी बसूनच लिहिता, असं विचारलं होतं. ते फार लागलं त्यांना. नदी दहाच्या खाली गेली की धारच तुटायची; त्या दिवसापासून अशा वेळी, पात्रात धूळ उडत असली तरी, ते दहा लिहायचे. दहावर कधी पत्र आलं नाही.

मुलीने पेन्सिल खाली ठेवली. शाळेत असताना उन्हाळाभर ती मामाकडे असायची, नंतर शिकायला बाहेर, आणि नोकरीतला पहिला उन्हाळा अजून यायचा होता. आटलेली नदी तिने कधी पाहिलीच नव्हती. यातले खोटे दहा कुठले आणि खरे कुठले हे आता कसं कळणार, एवढंच तिला विचारता आलं.

"सगळे खोटे," बाबा म्हणाले. "खरंच दहा असले, की मी अकरा लिहायचो. सरमिसळ नको म्हणून."

तिला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. मग ती कॉम्प्युटरकडे वळली आणि सगळ्या दहांची शून्यं करून टाकली. पडद्यावर क्षणभर काहीच झालं नाही. मग निळी रेघ फुगली, ती चाळीस पावलं ओलांडून आली, चौकोन गिळला, लिंबाचं झाड गिळलं आणि रस्त्याच्या कडेला जाऊन थांबली.

तिने माउसवरचा हात काढून घेतला.

"मी अजून सेव्ह केलेलं नाही," ती हळूच म्हणाली.

बाबा पुढे वाकून पडद्याकडे बघत होते. रोज सकाळी आठला पट्टीकडे बघत असतील, अगदी तसेच. आईला कोण सांगणार, तिने विचारलं. मीच सांगतो, ते म्हणाले. तिला ती तिन्ही पत्रं तोंडपाठ आहेत, माझ्यापेक्षा तीच जास्त चिडली होती.

त्यांनी कागद जवळ ओढला. सहीच्या जागेच्या वर, वहीत लिहायचे त्याच वळणदार अक्षरात, एक ओळ घातली: जिथे दहा लिहिले आहे तिथे शून्य वाचावे. खाली सही केली, तारीख टाकली आणि पेन खिशाला लावलं.

"करा सेव्ह, साहेब," ते म्हणाले. "आणि वरून पत्र आलं तर लिहा, पट्टी शाबूत आहे."