माकडिणीचा तेरावा

शहरालगतच्या राष्ट्रीय उद्यानातल्या घाटात, भर रस्त्यात, माकडिणीचा तेरावा थाटात चालला होता. मूळचे नांदेडचे व्यापारी हणमंतराव दर शनिवारी इथे गाडी थांबवून माकडांना केळी चारायचे. केळ्यांना चटावलेली माकडीण धावत आली आणि त्यांच्याच चाकाखाली गेली. आता त्यांनी डोकं भादरलं होतं, मंडप घातला होता, पंगत बसवली होती. माकडांवर संशोधन करणारी दामिनी मात्र पोरक्या पिल्लाला रस्त्यापासून लांब ठेवायला धडपडत होती. ते झाडावरून उतरताच हणमंतरावांनी केळं पुढे केलं. “ये बाळा. माय गेली तरी मी हाय ना.” दामिनीने केळं हिसकावलं, सोललं आणि त्यांच्याकडे बघत सावकाश खाल्लं. पिल्लू माघारी फिरलं. “मॅडम, देवाच्या तोंडचा घास काढला की वो!” साल त्यांच्या हातात ठेवत ती म्हणाली, “केळं मी खाल्लंय. घाला गाडी अंगावर.”