धरायची जागा

"मॅगझीनला धरून मार," सासू म्हणाली.

सुनेनं बंदूक खाली केली आणि तिच्याकडे पाहत राहिली.

चाचणीची खोली लांबट होती, पलीकडच्या भिंतीशी वाळूच्या गोण्या रचलेल्या. सून इथे बंदुका चालवून पाहायची. लढाई अंगावर आल्यावर घाईघाईनं बनवायला घेतलेल्या आखूड, ओबडधोबड बंदुका. दिसायला नळाचा तुकडा, पण चाप दाबला की एका दमात सगळ्या गोळ्या ओकणाऱ्या. त्या गोळ्यांची मॅगझीन सासू शेजारच्या शेडमध्ये जोडायची. पत्र्याची चपटी डबी, आत स्प्रिंग, बंदुकीच्या डाव्या बाजूला बसणारी. सासूच्या कामात खोड काढायचा पगार घेणारी ही जगातली एकमेव सून, असं कारखान्यात सगळे म्हणत.

आज खोड निघाली नव्हती. सासूच्या पेटीतून नमुन्यादाखल काढलेली थोडी मॅगझीन सुरळीत चालली होती, शिक्का तेवढा मारायचा होता. आणि जेवणाच्या सुट्टीत ही येऊन उभी.

"आई, तिथे धरायचं नसतं. हात नळीखाली हवा. मॅगझीन ओढलं गेलं की गोळी तिरकी होऊन अडकते. शिपायांना शिकवतात तसं."

"तुझ्या नवऱ्यालाही शिकवलं असेल. रजेवर आला तेव्हा छत्रीची बंदूक करून दाखवत होता. डावी मूठ कुठे होती त्याची?"

बाजूला, हवेत, मॅगझीन असतं तिथे. सुनेला आठवलं. तेव्हा दोघी पोट धरधरून हसल्या होत्या.

"कपाला कान असतो, पण हा कप धरणार काठाला. लहानपणापासून बोंबलतेय मी. पालथ्या घड्यावर पाणी!"

सुनेनं मॅगझीन मुठीत आवळलं आणि चाप दाबला. दोनचार गोळ्या सुटल्या, मग बंदूक गप्प झाली.

"यात तुमचा काही दोष नाही," ती घाईघाईनं म्हणाली. "नियमानं पेटी पास आहे."

"नियम जाणार आहे का लढायला?"

सासूनं मॅगझीन बंदुकीच्या खोबणीत धरून हलवून पाहिलं. ते किंचित डुलत होतं. ते घेऊन ती शेडमधल्या आपल्या बाकाशी गेली, स्प्रिंग काढली, आत लाकडी ठोकळा सारला आणि छोट्या हातोडीनं पत्रा आतून हलकेच फुगवला. पहिल्यांदा ते खोबणीत शिरेचना. मग शिरलं, पण गोळी पुन्हा अडकली. सासू परत बाकाशी. जेवणाचा डबा तसाच बंद राहिला. अखेर एकदा सुनेनं मुठीत आवळून, खाली खेचून, मुद्दाम वेडंवाकडं धरून चाप दाबला, आणि शेवटच्या गोळीपर्यंत बंदूक धडधडत राहिली.

मग सासूनं अख्खी पेटीच ओढून नेली. घरी या बाईच्या हट्टापायी सुनेनं कितीदा तरी कपाळावर हात मारून घेतला होता. आज त्याच हट्टाच्या पाया पडावंसं तिला वाटलं.

संध्याकाळी पेटी परत आली. सासूच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या होत्या. सुनेनं पुन्हा नमुना काढला, प्रत्येक मॅगझीन चुकीचंच धरलं. एकही अडकलं नाही.

"जिंकलात, आई," ती म्हणाली. डोळे भरून आले होते. तिनं शिक्का उचलला.

सासूनं पेटीतलं पुढचं मॅगझीन काढून तिच्यासमोर धरलं.

"हे मार."

"अहो, नमुनाच काढायचा असतो. सगळी मारत बसले तर गोळ्यांचा हिशेब कोण देणार? साहेब मला फाडून खातील."

"बरं, सगळी नको," सासू म्हणाली. "यातलं त्याच्या हाती कुठलं पडणार आहे, ते सांग. तेवढंच मार."

सुनेनं पेटीकडे पाहिलं. मग शिक्का बाजूला ठेवला आणि डावा हात पुढे केला.