सृष्टीच्या खोलीतला थर्मोस्टॅट

सृष्टी सातव्या महिन्यातच जन्मली. शारजातल्या या फ्लॅटमध्ये तिला आणल्यापासून तिची खोली फार गार होऊ द्यायची नाही, एवढं एकच काम मला नीट जमायला हवं होतं.

पण तिथला एसीचा थर्मोस्टॅट ऐकायचा नाही. मी चोवीस लावायचे, थोड्या वेळाने तो सव्वीसवर असायचा. आणि तिच्या तळपायांना हात लावून बघितलं, की सव्वीसच बरोबर वाटायचं.

"जुना झालाय गं, बदलून टाक," माझा नवरा सुजीत म्हणाला.

मेंटेनन्सचा विघ्नेश, मूळचा गुहागरचा, सकाळी दोन थर्मोस्टॅट घेऊन आला. एक साधा, एक लॉकवाला.

"लॉकवाला घ्या, वहिनी. तुमच्या नंबराशिवाय साहेबांनी हात लावला तरी आकडा हलायचा नाही."

मी तोच घेतला. नंबर त्याने मलाच टाकायला लावला, आणि "खलास!" म्हणून तो गेला. सुजीत ऑफिसात होता. घरात आम्ही दोघीच.

अकराच्या सुमारास तिचे तळपाय गार लागले. मी उठून भिंतीपाशी गेले, नंबर दाबायला बोट पुढे केलं. ते टेकण्याआधीच चोवीसचे पंचवीस झाले. मग सव्वीस.

आकड्याशेजारचं छोटं कुलूप बंदच होतं.

मी ओरडायला हवं होतं. पण मागे सृष्टी कण्हली, आणि माझ्या तोंडून हळूच निघालं, "अजून थोडी थंडी वाजतेय हो तिला."

सत्तावीस.