श्वासावरून

"पोकरमध्ये आधी समोरचा माणूस ओळखायचा, पत्ते नंतर," महिन्यापूर्वी वरच्या मजल्यावर राहायला आलेले अभ्यंकरकाका म्हणाले. काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली होती. पत्त्यांवरचे उठावदार ठिपके ते बोटांनी वाचत.

मृणालिनी आठवडाभर रोज दुपारी त्यांच्याकडे खेळ शिकत होती. जोडी, तीन सारखे, ओळीने पाच, एकाच रंगाचे पाच, एवढं तिला पाठ झालं होतं. थाप मारणं मात्र जमत नव्हतं. हातात काही नसताना तिने डाव वाढवला, की काका हसून म्हणत, "दाखव."

"तुम्हाला कळतं तरी कसं?" आज तिने विचारलं.

"श्वासावरून. तुझ्या नाही, तू छान सांभाळतेस. तुझ्या मागे उभे असतात ना, त्यांच्या. तुझे पत्ते वाईट आले की ते श्वास रोखतात. रोज तुझ्याबरोबर येतात, पण बोलत नाहीत कधी. दमा आहे का त्यांना?"

खोलीत त्या दोघांशिवाय कोणीच नव्हतं. मृणालिनीला पोकर शिकवायचं कबूल केलेला तिचा मोठा भाऊ गेल्या वर्षी दम्यानेच गेला होता. काकांना तिने त्याच्याबद्दल एक शब्दही सांगितला नव्हता.

"आहे," ती हळूच म्हणाली.

काकांनी नवे पत्ते वाटले. मागे वळून बघायचा तिला धीर झाला नाही. तिने पत्ते उचलले आणि मागे उभ्या असलेल्याला नीट दिसतील असे खांद्याजवळ धरले.