मावशीला ऐकू येईना

"आधी तो पंखा बंद कर. आणि मी खोकले तेवढंच काप. बाकी माझं एक अक्षर कापायचं नाही."

हेडफोनमधून आईचा आवाज पुन्हा तेच बजावत होता. व्हिडिओची सुरुवातच तिथून होती. आता तो आवाज फक्त तिथंच उरला होता. घशाच्या ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र काढावं लागणार, हे कळल्यावर आदल्या दिवशी आई कॅमेऱ्यासमोर बसली आणि थोरल्या बहिणीला जे जन्मभर म्हणायचं राहिलं होतं ते बोलून गेली. ताई, तू शाळा सोडून कापडगिरणीत मागावर उभी राहिलीस, म्हणून मी शिकले. हे तुला कधी म्हटलंच नाही गं.

हे मावशीपर्यंत पोचवायचं, एवढंच लेकीचं काम. आणि तेवढंच काही केल्या होत नव्हतं.

खोकला कापला, तर आवाज पुढे पळाला आणि ओठ मागे राहिले. ते जुळवता जुळवता डोळ्यांपुढे काजवे चमकले. जुळलं, तर फाईल तयार होताना अगदी शेवटाशी येऊन कॉम्प्युटर अडून बसला. आत जागाच उरली नव्हती. जागा केली, फाईल झाली, तर ती इतकी जाडजूड की फोनवरून जाईना. एक सांधावं तर तेरा तुटावीत, अशी गत.

दादा परगावाहून सल्ले देत होता. लांब बसून दुसऱ्याच्या कॉम्प्युटरची नाडी बघणं हा त्याचा आवडता उद्योग. बंद करून चालू कर, हे औषध तर तो सगळ्याच दुखण्यांवर द्यायचा. फाईल लहान कर, म्हणाला. तिनं केली. चेहरा फार पुसटला, असं तिनं सांगितलं, तर तो हसला.

"अगं, चेहऱ्याचं काय घेऊन बसलीस? आवाज पोचला म्हणजे झालं."

फाईल एकदाची गेली. मावशीचं उत्तर लिहूनच आलं. मावशी फोनवर कधी बोलायचीच नाही. वाजला तरी उचलायची नाही, मागाहून सावकाश लिहून कळवायची. घरात सगळे त्याला तिचा शिष्टपणा म्हणत. लिहिलं होतं एवढंच: ऐकू येत नाही गं.

लेकीनं आवाज वाढवून पुन्हा पाठवली. नाही येत. रस्त्यावरच्या गाड्यांची घरघर काढून पाठवली. नाही गं. मग दादा म्हणाला, चित्रच काढून टाक, नुसता आवाज पाठव, कापसासारखा हलका जाईल. तिनं तसंही केलं. त्यावर मावशीनं लिहिलं, यात तर काहीच नाही.

आई दाराशी येऊन उभी राहिली. गळ्याला रुमाल. जखम भरली होती, डॉक्टरांनी हिंडाफिरायला सांगितलं होतं, पण ती कुणाकडे जायला तयार नव्हती. ताईलासुद्धा तिनं येऊ नकोस म्हणून कळवलं होतं. आता तिचे ओठ हलले. लेकीला काही उमगलं नाही. कधीच उमगत नसे.

"लिहून दे ना गं," ती वैतागून म्हणाली.

आईनं ओठ मिटले. लिहिलं नाहीच. आत निघून गेली.

मग लेकीचा तोल गेला. राग होता कॉम्प्युटरवर, निघाला मावशीवर. तिनं लिहिलं, मावशी, तुझा फोन बिघडलाय, की तुला आईचं ऐकायचंच नाही? पाठवलं आणि लगेच जीभ चावली.

मग मोठा निरोप आला.

"फोन चांगला आहे गं. चेहरा पुसट येतोय, ओठ कळत नाहीत. मागांच्या खडखडाटात माझे कान केव्हाच गेले. तिथं आम्ही बायका ओठांवरूनच बोलायचो. तुझ्या आईचंही मी आजवर तसंच ऐकत आले. तिला यातलं काही सांगू नकोस. आपल्यापायी झालं म्हणून जिवाला लावून घेईल. शब्द दे."

लेकीला आठवलं. पाठ वळवून कुणी काही विचारलं की मावशी म्हणायची, इकडे समोर येऊन बोल, भिंतीशी काय बोलतेस. सगळे हसायचे. तीही हसायची.

तिनं लिहिलं, "दिला."

आता उपाय सोपा होता. मूळ फाईल लहान न करता, जशीच्या तशी इंटरनेटवर चढवायची आणि मावशीला नुसती लिंक पाठवायची. तिनं फाईल चढवायला लावली. पडद्यावरची पट्टी मुंगीच्या पावलानं सरकू लागली. ती पट्टीकडे बघत राहिली. मग आईच्या खोलीकडे बघितलं. आणि हात पुढे करून तिनं पट्टी मध्येच थांबवली.

आई खिडकीशी बसली होती. लेक म्हणाली, कपडे बदल, मिळेल त्या बसनं मावशीकडे जातोय आपण. आईनं गळ्याच्या रुमालाला हात लावला. तिचे ओठ हलले. लेक या वेळी नीट समोर जाऊन बसली होती. तिला कळलं.

मी तिथं येऊन काय बोलणार?

उत्तर लेकीच्या अगदी जिभेवर आलं होतं. पण शब्द दिला होता. ती उठली, आईच्या चपला दाराशी आणून ठेवल्या आणि तिचा हात धरून सावकाश जिना उतरू लागली.